सेटलमेंट आणि फ्री कॉलनी: सोलापूरच्या एका पत्त्यात अडकलेले इंग्रजी शब्द

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा ज्यांचे इअरफोन आज घरी राहिलेत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जे 'अं', 'म्हणजे काय की' झालं होतं ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.

एक काम करा. फोनवर मॅप उघडा, सोलापूर शोधा आणि त्यात 'सेटलमेंट' असं टाइप करा. 'सेटलमेंट फ्री कॉलनी' असं नाव सापडेल आणि त्याच्यापुढे नंबर. सोलापूरकरांना हा पत्ता नवा नाही. रिक्षावाल्याला सांगितलं की तो मुकाट्याने वळतो, कुरियरवाला पाकिटावर लिहितो, शाळेच्या दाखल्यावरही तोच पत्ता असतो. पण एकदा थांबून त्या नावाकडे बघा. तीन शब्द, तिन्ही इंग्रजी. सेटलमेंट. फ्री. कॉलनी.

ही कॉलनी 'फ्री' असेल, तर 'फ्री' नसलेलं काय होतं?

आजचा भाग या प्रश्नावर आहे. आणि तो सोडवायला आपण इंग्रजी शब्दांच्या जोड्या घेणार आहोत. दिसायला सारखे, वापरताना आपण सहज एकाऐवजी दुसरा टाकतो असे शब्द. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे ऑथेंटिकेशन आणि ऑथरायझेशन अशी एक जोडी आहे. तू कोण आहेस हे तपासणं वेगळं, आणि तुला काय करायची परवानगी आहे हे ठरवणं वेगळं. ही दोन कामं कोडमध्ये एकात एक मिसळली की सिस्टीम उघडी पडते. पण कायद्यात दोन शब्द मिसळले तर काय होतं? सिस्टीम नाही, माणसं बंद होतात. सोलापुरात झाली होती.

पहिली जोडी: गँग आणि ट्राइब

आधी गँग. हा शब्द आज आपल्याला 'गँग्ज ऑफ वासेपूर'मुळे माहीत आहे, पण सोलापूर हे रेल्वेचं गाव, तिथे 'गँगमन' हा शब्द कितीतरी जुना. रुळांची देखभाल करणारा माणूस म्हणजे गँगमन. इंग्रजीत गँग म्हणजे मुळात एकत्र जाणारी, एकत्र काम करणारी टोळी. मग ते काम रूळ दुरुस्तीचं असो किंवा दरोड्याचं. मुद्दा असा की गँगमध्ये माणूस शिरतो आणि बाहेरही पडू शकतो. काय करतो यावरून तो गँगचा ठरतो.

ट्राइब वेगळी. ट्राइबमध्ये माणूस जन्माला येतो. राजीनामा देता येत नाही.

१८३६ मध्ये कंपनी सरकारने ठगांविरुद्ध कायदा केला. ठगांच्या टोळीत असल्याचं सिद्ध झालं की तेवढ्यावर जन्मठेप. एखादा विशिष्ट खून सिद्ध करायची गरज नाही. गंमत बघा, 'ठग' हा शब्द आपल्याकडून इंग्रजीत गेला आणि तिकडे 'थग' झाला. कायदा कडक होताच, पण निदान कागदावर तरी तो टोळीबद्दल होता.

१८७१ मध्ये पुढची पायरी आली, क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट. या कायद्यात ट्राइब, गँग आणि क्लास हे तीन शब्द एकाच ओळीत, मध्ये 'किंवा' घालून ठेवले. म्हणजे टोळी किंवा जमात किंवा वर्ग, कुणालाही एकाच तागडीत तोला. सरकारी बाजूचा तर्क साधारण असा होता: हिंदुस्थानात धंदे जातीवर चालतात. सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर. मग चोराचा मुलगा चोर होणार.

ऐकायला सोपं वाटतं आणि तिथेच खोट आहे. सुतारकी हे कौशल्य आहे. चोरी ही घटना आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर एक 'ॲट्रिब्यूट' असतो आणि एक 'इव्हेंट' असतो. माणसाची उंची हा ॲट्रिब्यूट. त्याने काल दुपारी तीन वाजता काय केलं, हा इव्हेंट. इव्हेंटला तारीख लागते, जागा लागते, साक्षीदार लागतो. या कायद्याने इव्हेंटचं ॲट्रिब्यूट करून टाकलं. मूल जन्मलं की त्याच्या रकान्यात आधीच खूण.

आता ही माणसं होती कोण? आपल्या भागापुरतं बोलायचं तर कैकाडी, पारधी, कंजारभाट, भामटा, छप्परबंद, बेरड, रामोशी, वडार, बंजारा अशा कितीतरी. त्यातल्या अनेकांचे धड धंदे होते. बंजारे बैलांच्या तांड्यावर धान्य आणि मीठ वाहायचे. कैकाडी टोपल्या विणायचे, गाढवांवरून माल न्यायचे. त्यांची भाषा द्राविड कुळातली, म्हणजे हे लोक दक्षिणेतून फिरत फिरत इकडे आलेले. मग रेल्वे आली. सोलापूरला ती १८६० च्या सुमारास पोहोचली. मालगाडी दारात आल्यावर बैलाच्या पाठीवरचं मीठ कोण घेणार? ज्या वाटेवरून हे लोक पिढ्यान्‌पिढ्या फिरत होते ती वाट रिकामी झाली. धंदा गेला, फिरणं राहिलं. आणि ज्याच्या फिरण्याला कारण दिसत नाही, तो पोलिसाला संशयित दिसतो.

दुसरी जोडी: कन्व्हिक्टेड आणि ॲडिक्टेड

ही जोडी मला सगळ्यात भयंकर वाटते.

कन्व्हिक्टेड म्हणजे ज्याच्यावर कोर्टात गुन्हा सिद्ध झालाय तो. त्यासाठी खटला लागतो, वकील लागतो, पुरावा लागतो. निकालावर अपील करता येतं.

पण १८७१ च्या कायद्यात कन्व्हिक्टेड हा शब्द या ठिकाणी नाही. तिथे शब्द आहे ॲडिक्टेड. अमुक जमात पद्धतशीरपणे बिनजामिनी गुन्हे करण्याला 'ॲडिक्टेड' आहे असं सरकारला वाटलं, की बास. आज आपण फोनच्या, रील्सच्या ॲडिक्शनबद्दल बोलतो. तेव्हा कायद्याने एका अख्ख्या जमातीला गुन्ह्याची चटक लागलीये असं म्हटलं. त्यात आजीबाई आल्या, पाळण्यातलं बाळ आलं, आणि आयुष्यात कुणाची काडीही न उचललेला माणूसही आला.

या शब्दाचा मूळ अर्थही सांगण्यासारखा आहे. लॅटिनमध्ये 'ॲडिक्टस' म्हणजे कर्ज फेडता न आल्यामुळे सावकाराच्या ताब्यात दिला गेलेला माणूस. थोडक्यात, कुणाच्या तरी हवाली केलेला. कायदा लिहिणाऱ्यांच्या डोक्यात हे नसेलही, पण घडलं बरोबर तेच.

कारण पुढची प्रक्रिया अशी होती. आधी जमात 'नोटिफाय' करायची, म्हणजे सरकारी गॅझेटात नाव छापायचं. मग तिच्यातल्या माणसांना 'रजिस्टर' करायचं, म्हणजे एकेकाचं नाव वहीत लिहायचं. पुढच्या कायद्यांत बोटांचे ठसे घ्यायचा अधिकार आला. ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची. गाव सोडायचं तर कळवायचं, परवाना घ्यायचा. आणि ही नोटिफिकेशन चुकीची आहे असं म्हणून कोर्टात जायचं? दार बंद. नोटिफिकेशनच्या वैधतेवर कोर्टाने प्रश्न विचारायचा नाही, अशी तरतूद कायद्यातच होती.

सुरुवातीला हा कायदा उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ मध्ये नवा कायदा आला आणि मुंबई, मद्राससकट सगळा ब्रिटिश हिंदुस्थान त्यात आला. १९२४ मध्ये तो पुन्हा एकत्र करून लिहिला गेला. ठरावीक गुन्ह्यांसाठी दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षं आणि तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप, हे फक्त या जमातींसाठी. तोच गुन्हा, तोच आकडा, पण जन्म वेगळा म्हणून शिक्षा वेगळी.

तिसरी जोडी: सेटलमेंट आणि जेल

आता सोलापूर.

सोलापूर म्हटलं की आपल्याला १९३० चा मार्शल लॉ आठवतो. चार हुतात्मे आठवतात: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात त्यांना फाशी झाली. चौकात त्यांचे पुतळे आहेत, दरवर्षी हार पडतात, पडायलाच हवेत. पण त्याच वर्षांमध्ये त्याच शहरात तारेच्या कुंपणाआड हजेरी देणारी माणसंही राहत होती. त्यांच्याबद्दल आपल्या शाळेच्या पुस्तकात एखादी ओळ आली तर आली.

सेटलमेंट या शब्दाचे इंग्रजीत तीन-चार अर्थ आहेत. वस्ती करणं हा एक. हिशोब मिटवणं हा दुसरा, 'फुल अँड फायनल सेटलमेंट' आयटीवाल्यांना चांगलंच माहीत असतं. जमिनीचा सारा ठरवणं हा तिसरा, त्याला आपण जमाबंदी म्हणायचो. मूळ धातू 'बसणं' या अर्थाचा, जुन्या इंग्रजीत 'सेट्ल' म्हणजे आसन. फिरणाऱ्याला बसवणं, असा साधा, सोज्वळ शब्द.

जेल हा शब्द सोज्वळ नाही. जेल म्हटलं की लगेच चार प्रश्न येतात. गुन्हा काय? खटला कुठे चालला? शिक्षा किती? सुटका कधी? सेटलमेंट म्हटलं की यातला एकही प्रश्न येत नाही. इथे राहणारा कैदी नाही, 'सेटलर' आहे. आणि जो कैदीच नाही त्याच्या सुटकेची तारीख तरी कशी असणार?

मुंबई इलाख्यात या व्यवस्थेशी सगळ्यात जास्त जोडलं गेलेलं नाव म्हणजे ओ. एच. बी. स्टार्ट, आयसीएस अधिकारी. विजापूरच्या बाजूला त्यांनी काम सुरू केलं, मग हुबळी, गदग, सोलापूर, बारामती अशा ठिकाणी सेटलमेंट उभ्या राहिल्या. काही ठिकाणी मिशनऱ्यांच्या हाती कारभार दिला गेला. सोलापुरात हे काम अमेरिकन मराठी मिशनकडेही होतं.

आता जागा बघा कुठल्या निवडल्यात. हुबळी, गदग, सोलापूर म्हणजे गिरण्यांची, कारखान्यांची, रेल्वेची गावं. सोलापूरची जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झाली होती, पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी आल्या. गिरणीला हवे होते रोज भोंग्यावर येणारे कामगार. सेटलमेंटला हवा होता रोजगार. दोघांचं जमलं. सकाळी तारेच्या आतून निघायचं, गिरणीत पाळी करायची, संध्याकाळी परत तारेच्या आत, हजेरीला उभं राहायचं.

साध्या कामगाराला मालक पटला नाही तर तो दुसरी गिरणी धरतो, गावी जातो, मुंबईची गाडी पकडतो. सेटलमेंटमधल्या कामगाराला हे काहीच करता येत नव्हतं. परवान्याशिवाय बाहेर सापडला तर पळून गेल्याचा गुन्हा. म्हणजे ज्याने आयुष्यात चोरी केली नाही, त्याच्याकडूनही कायद्याने एक गुन्हा तयार करून घेतला: स्वतःच्या मर्जीने चालण्याचा.

मुलांसाठी शाळा होत्या. हे खरं आहे आणि सांगायला हवं. गावकुसाबाहेर ज्यांना कुणी पाटीला हात लावू दिला नसता, अशी मुलं तिथे अक्षरं शिकली, आणि त्यातूनच पुढे शिक्षक आणि कार्यकर्ते निघाले. पण त्याच कायद्यात मुलांना आईबापांपासून वेगळं करून सुधारशाळेत ठेवायची तरतूदही होती. एका हाताने पाटी, दुसऱ्या हाताने तार.

स्टार्ट साहेबांबद्दलही एकच एक मत बनवणं अवघड आहे. १९२८ मध्ये मुंबई सरकारने दलित आणि आदिवासींच्या स्थितीवर समिती नेमली तिचे अध्यक्ष हेच स्टार्ट, आणि त्या समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर सदस्य होते. १९३० मध्ये तिचा अहवाल आला. म्हणजे हा माणूस निव्वळ तुरुंगाधिकारी नव्हता, त्याला खरोखर सुधारणा करायची होती. मला वाटतं यातच शिकण्यासारखं काहीतरी आहे. वाईट हेतूने बांधलेलं कुंपण लगेच ओळखू येतं. चांगल्या हेतूने बांधलेलं कुंपण पन्नास वर्षं टिकतं.

चौथी जोडी: फ्री आणि रिलीज्ड

आता येऊ आपल्या पत्त्यावर.

सेटलमेंटच्या आत जो बरीच वर्षं 'नीट' वागला, कामावर वेळेत गेला, हजेरी चुकवली नाही, त्याला बक्षीस काय? त्याला तारेच्या बाहेरच्या वस्तीत राहायला मिळायचं. तिथे कुंपण नाही, आपलं आपलं घर. तिचं नाव फ्री कॉलनी.

मग तो सुटला का? नाही ना! रिलीज्ड म्हणजे सुटलेला, ज्याच्यावर आता कुणाचा ताबा नाही. फ्री कॉलनीतला माणूस तारेबाहेर आला होता, वहीबाहेर आला नव्हता. रजिस्टरमध्ये नाव तसंच. वागणूक बिघडली असं साहेबाला वाटलं तर परत आत. आपल्या ॲपच्या 'फ्री ट्रायल'सारखं समजा. वापरता येतं, पण मालकी दुसऱ्याची, आणि कधी बंद होईल ते त्याच्या हातात.

मराठीत आपण फ्री या शब्दाला दोन शब्द ठेवलेत: मोकळा आणि स्वतंत्र. खुंट्याचा दोर लांब केलेली गाय मोकळी असते, स्वतंत्र नसते. फ्री कॉलनीतला 'फ्री' हा मोकळा या अर्थाचा होता. इंग्रजीने तो फरक झाकला, आणि आपण तो शब्द तसाच उचलून पत्त्यात घातला.

पाचवी जोडी: रिपील आणि डिनोटिफाय

१५ ऑगस्ट १९४७. देश स्वतंत्र झाला. तारेच्या आत काय झालं?

लगेच काही नाही. मुंबई प्रांताने आपल्यापुरता हा कायदा १९४९ मध्ये रद्द केला. केंद्राने अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिने देशभर कायदा रद्द करावा असं सांगितलं, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर संपला. म्हणून हे समाज ३१ ऑगस्टला विमुक्त दिन पाळतात. देशाच्या स्वातंत्र्यानंतर पाच वर्षं सोळा दिवसांनी आलेला दिवस. आणि सोलापुरात आजही जुनी माणसं सांगतात की १९६० मध्ये पंडित नेहरू आले, त्यांनी सेटलमेंटची तार तोडली, आणि तेव्हा कुठे आम्ही मोकळे झालो. कागदावर १९४९, देशासाठी १९५२ आणि लोकांच्या आठवणीत १९६०. तीन तारखा का, हा प्रश्न या जोडीत सुटतो.

रिपील म्हणजे कायदा रद्द करणं. कायदा संसदेच्या पुस्तकातून जातो. डिनोटिफाय म्हणजे गॅझेटात छापलेलं नाव मागे घेणं. 'तुम्ही गुन्हेगार आहात असं आम्ही जाहीर केलं होतं, ते आता जाहीर नाही.' एवढंच. यात 'ते चुकीचं होतं' असं कुठेही म्हटलेलं नाही. ना माफी, ना जमीन, ना भरपाई. इन्स्टावर अकाउंट डिलीट करणं आणि डिॲक्टिव्हेट करणं यात जो फरक आहे, साधारण तोच. प्रोफाइल दिसत नाही, पण डेटा सर्व्हरवर पडून असतो. इथे सर्व्हर म्हणजे पोलीस ठाण्यातल्या जुन्या वह्या आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची डोकी.

पन्नाशीच्या दशकात सरकारी कागदांत या लोकांना 'एक्स-क्रिमिनल ट्राइब्ज' असंही म्हणायचे. माजी गुन्हेगार. जो कधी गुन्हेगार नव्हताच त्याला माजी म्हणायचं म्हणजे जुना आरोप नव्याने पक्का करणं.

इथे मराठीने मात्र एक छान काम केलं. डिनोटिफाइडचं आपण 'अनधिसूचित' असं कोरडं भाषांतर केलं नाही. आपण म्हटलं 'विमुक्त'. सरकारने जेवढं दिलं त्याच्यापेक्षा मोठा शब्द. पण मोठ्या शब्दाचा एक धोका असतो: आपल्याला वाटतं सगळं मिळालं.

मिळालं किती ते बघा. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत चौदा जाती आहेत, राज्यात तीन टक्के आरक्षण. पण एकच कैकाडी समाज विदर्भातल्या काही जिल्ह्यांत अनुसूचित जाती आहे आणि सोलापुरात विमुक्त जाती. नागपूरचा कैकाडी आणि सोलापूरचा कैकाडी एकमेकांचे सोयरे असू शकतात, पण दाखल्यावर दोघांचे प्रवर्ग वेगळे. राज्य पुनर्रचनेच्या आधीच्या याद्या तशाच पुढे आल्या, त्याचा हा परिणाम. ज्या समाजांना एका कायद्याने एका झटक्यात 'एकच' ठरवलं होतं, त्यांना हक्क द्यायची वेळ आली तेव्हा प्रत्येक जिल्ह्याची यादी वेगळी निघाली.

केंद्राने या समाजांसाठी नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष बाळकृष्ण रेणके. त्यांनी २००८ मध्ये अहवाल दिला. मग भिकू रामजी इदाते यांचा आयोग झाला. दोन्ही नावं महाराष्ट्रातली. अहवालांची कमतरता आपल्याकडे नाही.

सहावी जोडी: क्रिमिनल ट्राइब आणि हॅबिच्युअल ऑफेंडर

शेवटची जोडी, आणि ही आजची आहे.

जुना कायदा जाता जाता राज्यांनी नवे कायदे आणले: हॅबिच्युअल ऑफेंडर, सराईत गुन्हेगार. मुंबई राज्यात त्याचा १९५९ चा कायदा आहे. कागदावर फरक मोठा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. क्रिमिनल ट्राइबमध्ये जन्माने जाता येत होतं. हॅबिच्युअल ऑफेंडर व्हायला एका माणसावर, ठरावीक वेळा, कोर्टात गुन्हा सिद्ध व्हावा लागतो. जमात गेली, व्यक्ती आली. ॲडिक्टेड गेलं, कन्व्हिक्टेड आलं. आपण पहिल्या दोन जोड्यांत जे मागत होतो तेच.

पण प्रत्यक्षात? गावात चोरी झाली की पहिली गाडी पारधी वस्तीवर जाते, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही पेपरवाल्याला विचारा. १९९८ मध्ये पश्चिम बंगालमध्ये बुधन सबर हा सबर जमातीचा तरुण पोलिसांच्या मारहाणीनंतर कोठडीत मरण पावला. त्याच वर्षी महाश्वेता देवी, गणेश देवी आणि आपले लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून या समाजांच्या हक्कांसाठी कृतिगट उभा केला. म्हणजे शब्द बदलून शेहेचाळीस वर्षं झाली होती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल दिला. सुकन्या शांता पत्रकार आहेत, तुरुंगात जातीप्रमाणे कामं कशी वाटली जातात यावर त्यांनी लिहिलं होतं. तपासताना असं पुढे आलं की काही राज्यांच्या तुरुंग नियमावलीत सराईत गुन्हेगाराच्या व्याख्येत भटक्या-विमुक्त जमातींचा संबंध अजून जोडलेला होता. कोर्टाने हे चालणार नाही असं सांगितलं: सराईत गुन्हेगार कोण ते कायद्यातल्या व्याख्येने ठरेल, जातीने नाही. १८७१ ते २०२४. एकशे त्रेपन्न वर्षांनी देशाच्या सर्वोच्च कोर्टाला गँग आणि ट्राइब यांतला फरक पुन्हा समजावून सांगावा लागला.

आणि आपले मराठी शब्द?

सगळा दोष इंग्रजीवर ढकलून आपण मोकळे होऊ शकत नाही. 'भामटा' हा शब्द आपण फसवणाऱ्याला सहज वापरतो. बातमीचा मथळा असतो, 'भामट्याने लाखोंना गंडवलं'. पण भामटा हे समाजाचं नाव आहे, दाखल्यावर लिहिलं जाणारं. वर्गात बसलेल्या एखाद्या मुलाला तो मथळा कसा वाचावा लागत असेल?

लक्ष्मण गायकवाडांनी आपल्या आत्मकथनाचं नाव 'उचल्या' ठेवलं. लक्ष्मण मान्यांनी 'उपरा' ठेवलं. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमी मिळाली. दोघांनीही लोकांनी मारलेला शब्दच उचलला आणि मुखपृष्ठावर स्वतःच्या नावाच्या वर छापला. वाचली नसतील तर वाचा.

आता यात तुमचा-माझा संबंध कुठे? सांगतो. आमच्या क्षेत्रात आता अशा सिस्टीम बनतायत ज्या 'गुन्हा कुठे होईल' याचा अंदाज बांधतात. त्या शिकतात कशावरून? जुन्या पोलीस नोंदींवरून. त्या नोंदी ज्या काळात लिहिल्या गेल्या तेव्हा कुणाचं नाव वहीत आधीच होतं, हे आपण आत्ताच पाहिलं. मॉडेलला इतिहास माहीत नसतो. त्याला दिसतं की अमुक वस्तीतून जास्त नोंदी आहेत. ते पुन्हा तिकडेच बोट दाखवणार, पोलीस पुन्हा तिकडेच जाणार, नोंदी पुन्हा वाढणार. कुणीही 'ट्राइब' हा शब्द लिहिणार नाही. पिनकोड पुरेसा आहे.

म्हणून तुम्ही कोड लिहीत असाल, एचआरमध्ये असाल, भाडेकरू ठेवत असाल, किंवा नुसता व्हॉट्सॲपवर सोसायटीच्या ग्रुपमध्ये 'संशयित लोक फिरतायत' असा मेसेज फॉरवर्ड करत असाल, तर बोट दाबण्याआधी एवढंच विचारा: मी माणसाने काय केलं ते सांगतोय, की तो कोण आहे ते सांगतोय? पहिल्याला पुरावा लागतो. दुसऱ्याला कधीच लागला नव्हता.

सोलापूरकरांना एक विनंती. तुमच्या घरात, शेजारात कुणा आजी-आजोबांना सेटलमेंटचे दिवस आठवत असतील, तर त्यांच्यापाशी बसा आणि त्यांची परवानगी घेऊन रेकॉर्ड करून ठेवा. हजेरीची घंटा किती वाजता व्हायची, गिरणीत कुठल्या खात्यात काम असायचं, तार कुठून कुठपर्यंत होती. गॅझेट सरकारी कपाटात सांभाळून ठेवलंय. ही माणसं कुठल्याच कपाटात नाहीत.

भाग आवडला असेल तर एखाद्या सोलापूरच्या मित्राला पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, शब्द जपून वापरा!